सेल्फ मारण्याआधी : डिझेल संपलेली गाडी पुन्हा सुरू करताना

मागच्या बुधवारी आपण गटाच्या गाडीचा हप्ता आणि विमा यांवर बोललो. त्यानंतर ग्रामसंघाच्या बैठकीत तीन वेगवेगळ्या गटांतून एकच प्रश्न आला. रस्त्यात डिझेल संपलं, कॅनमधून आणून टाकलं, तरी गाडी काही सुरू होईना. असं का? पेट्रोलच्या स्कूटीचं पेट्रोल संपलं तर थोडंसं ओतलं की ती लगेच चालू होते. मग एवढी महागाची पिकअप का रुसते? आज त्यावरच बोलायचं ठरवलं आहे.

बायकांच्या कार्यक्रमात इंजिनाचं काय काम, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. गाडी गटाच्या नावावर, कर्ज गटाच्या नावावर, हप्ता चुकला तर बँकेचा फोन अध्यक्षबाईंना. आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना २०१७ साली आली, तेव्हापासून आपल्यासारख्या कितीतरी गटांकडे चारचाकी आली. काही ठिकाणी चालवणाऱ्याही आपल्याच बायका आहेत. पण गाडी रस्त्यात बंद पडली की तिच्याबद्दल ठरवतं कोण? जो कोणी मोटारसायकल थांबवून जवळ येईल तो. तो म्हणतो सेल्फ मारा, आपण मारतो. तो म्हणतो पाईप ढिला करतो, आपण बॅटरी धरून उभ्या राहतो. त्याचा हेतू चांगलाच असतो, पण पंप आपला जातो.

आधी गाडी रुसते का ते समजून घेऊ. विहिरीवरची मोटार तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. फूटव्हॉल्व्ह गळला, पाईपातलं पाणी उतरून गेलं, की मोटार नुसती घूं घूं करत फिरते, पाणी काही वर येत नाही. आपण म्हणतो, मोटारीने हवा धरली. मग काय करतो? बटण दाबून तासभर फिरवत बसत नाही, कारण पंप कोरडा फिरला तर जळेल हे घरातल्या लहान पोरालाही माहीत असतं. आपण मोटार बंद करतो, वरून पंपात पाणी भरतो, आणि मगच बटण दाबतो.

डिझेलच्या गाडीचं हेच आहे. टाकीतून डिझेल निघतं, नळीतून फिल्टरमध्ये येतं, तिथून मोठ्या दाबाच्या पंपात जातं, आणि पंप ते इंजेक्टरकडे ढकलतो. टाकी रिकामी झाली की नळीतून डिझेलऐवजी हवा येते, आणि ही सगळी वाट हवेने भरते. नंतर तुम्ही टाकीत डिझेल ओतलं, तरी ते टाकीतच बसतं. पुढे नळीत, फिल्टरमध्ये, पंपात हवाच असते. हवा दाबली की आकसते, डिझेल फारसं आकसत नाही. हवेवर पंपाचा दाबच बसत नाही. दाब नाही म्हणून इंजेक्टर डिझेल उडवत नाही, आणि इंजिन काही पेट घेत नाही.

गावातल्या बहुतेक ट्रॅक्टरांचे पंप अजून जुन्या पद्धतीचे आहेत. त्यांची एअर काढताना तुम्ही पाहिलं असेल. फिल्टरवरचा बोल्ट पान्याने ढिला करायचा, छोटा हातपंप मारत राहायचा, बोल्टापाशी फेसाळ डिझेल येतं, बुडबुडे संपून साफ धार आली की बोल्ट आवळायचा. तेवढ्यावर नाही भागलं तर इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी नळीचा नट ढिला करून सेल्फ मारायचा. हे करणारे हुशार हात प्रत्येक गावात आहेत आणि आपल्याला त्यांचा आदर आहे. पण त्यांचं ज्ञान ज्या इंजिनाचं आहे, ते इंजिन आपल्या नव्या पिकअपमध्ये नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशात नव्या गाड्या बीएस-सहा नियमाच्याच विकल्या जातात. या नव्या डिझेल गाड्यांत कॉमन रेल म्हणतात ती पद्धत असते. म्हणजे सगळ्या इंजेक्टरांसाठी एकच जाड पोलादी नळी, तिच्यात डिझेल प्रचंड दाबाखाली भरून ठेवलेलं, आणि कुठल्या क्षणी किती थेंब सोडायचे ते गाडीतला छोटा संगणक ठरवतो. दाब केवढा, ते आपल्या हिशेबात सांगतो. मोटारीच्या चाकात आपण ३०-३५ पौंड हवा भरतो. या नळीत इंजिन जोरात असताना दाब २० हजार पौंडांच्याही वर जातो. गाडी सुरू होण्यापुरताच दाब म्हटला तरी तो काही हजार पौंडांच्या घरात असतो. तेवढा झाला नाही तर संगणक इंजेक्टर उघडतच नाही. तुम्ही कितीही सेल्फ मारा.

आणि आता खरी गोष्ट. शिलाई मशीनला आपण वेगळं तेल घालतो. या मोठ्या दाबाच्या पंपाला बहुतेक गाड्यांत कोणी वेगळं तेल घालत नाही. त्यातून जाणारं डिझेल हेच त्याचं तेल. डिझेल नसताना पंप फिरवत राहिलं तर आतलं पोलाद पोलादावर घासतं. त्याचा बारीक चुरा होतो, डोळ्यांना दिसणारही नाही असा. तो चुरा पुढे त्या जाड नळीत आणि इंजेक्टरमध्ये जातो. इंजेक्टरची भोकं अतिशय बारीक असतात. मग दुरुस्ती एकट्या पंपाची राहत नाही. पंप, नळी, सगळे इंजेक्टर, टाकी धुणं, असं सगळंच निघतं.

आमच्या ओळखीच्या एका गटाचं असंच झालं. डिझेल संपलं, दोन लिटर आणून टाकलं, आणि तिथे जमलेल्या मंडळींनी आळीपाळीने सेल्फ मारला. बॅटरी उतरली. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून पुन्हा मारला. गाडी शेवटी सुरू झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आठ दिवसांनी ती ओढीला कमी पडू लागली, मग बंदच झाली. गॅरेजात फिल्टर उघडला तर आत चंदेरी चमक होती. गाडी तीन आठवडे उभी, हप्ता मात्र चालूच. त्या गटाने गणवेश शिवून जमवलेली वर्षाची शिल्लक त्यात गेली. डिझेल संपल्याने काही एवढं नुकसान झालं नव्हतं. नंतरच्या अर्ध्या तासाने केलं.

आता आमच्या गटाच्या गाडीचं सांगतो. ओतूरच्या बाजूची मेथी-कोथिंबीर आम्ही माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजाराला नेतो. गाडी रात्री निघते, पहाटेचा भाव गाठायचा असतो. त्या रात्री चालवायला आमच्या गटातल्या वहिनी होत्या, सोबत आणखी एक सदस्य. मीटरचा काटा पाव टाकी दाखवत होता. नोंदवहीतले किलोमीटर मात्र वेगळं सांगत होते, म्हणून वहिनींनी वाटेतल्या नेहमीच्या पंपावर गाडी वळवली. पंपावर अंधार. डिझेलचा टँकर आला नाही, अशी पाटी. काटा पाव दाखवतो आहे, पुढचा पंप फार लांब नाही, म्हणून त्या निघाल्या. मढ गाव मागे पडलं आणि गाडीने एक झटका दिला, मग दुसरा. काटा तेव्हाही पावावरच होता. टाकीतला तरंगा अडकला होता, हे नंतर गॅरेजात कळलं.

वहिनींनी पहिल्या झटक्यालाच गाडी डावीकडे घेतली. पुढे घाट आहे, हे त्यांना माहीत होतं. हे नीट ऐका, कारण घाटात इंजिन बंद पडणं ही नुसती खोळंब्याची गोष्ट नाही. इंजिन थांबलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला मिळणारी मदत संपत जाते. एक-दोनदा ब्रेक लागतो, मग तो दगडासारखा कडक होतो. म्हणून अशा वेळी ब्रेकवर पाय पुन्हा पुन्हा मारायचा नाही. एकदाच दाबून धरायचा आणि गाडी बाजूला थांबवायची. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. थांबल्यावर मात्र चावी लगेच बंद. झटके खात शेवटच्या थेंबापर्यंत ओढत नेली की तेवढी जास्त हवा आत जाते.

मग हँडब्रेक, चारही इंडिकेटर, चाकाला दगड, आणि मागे चांगल्या अंतरावर लाल त्रिकोण. त्रिकोण गाडीसोबतच मिळतो, पण बहुतेक गाड्यांत तो प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच आलेला नसतो. आणि निघताना दगड उचलून बाजूला टाका हो. आपल्याकडे गाडी जाते, दगड आणि झाडाची फांदी रस्त्यातच राहते, आणि मागून येणारा मोटारसायकलवाला त्यावर पडतो. रात्रीची वेळ असेल तर गाडीचे दरवाजे आतून लावून घरी, गटाच्या सचिवांना आणि गरज वाटली तर ११२ ला फोन करावा. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा मदत क्रमांक १०३३ आहे. हे दोन्ही नंबर आम्ही काचेवर आतून चिकटवले आहेत, कारण घाबरल्यावर फोनमधलं नाव सापडत नाही.

वहिनींच्या दिरांनी मोटारसायकलवरून डिझेल आणलं. पाऊण तास लागला. तेवढ्यात एक टेम्पो थांबला, त्यातल्या दोघांनी बॉनेट उघडायला लावलं आणि पाना काढला. पाईप ढिला करतो, दोन मिनिटांत एअर निघेल, असं म्हणाले. वहिनी म्हणाल्या, दादा, नको. ते म्हणाले, आम्ही वीस वर्षं गाडी चालवतो आहोत. वहिनी म्हणाल्या, खरं आहे, पण ही गाडी कॉमन रेलची आहे, तिचा पाईप उघडायचा नसतो. दोघं जरा हसले, पण पाना ठेवून दिला. हे त्यांना ठामपणे सांगता आलं, कारण आधीच्या महिन्यात सर्व्हिसिंगच्या वेळी त्या मेकॅनिकच्या शेजारी उभ्या राहिल्या होत्या आणि फिल्टर कुठे, हातपंप कुठे, हे विचारून घेतलं होतं.

तो पाईप का उघडायचा नाही, तेही सांगते. इतक्या दाबाची सुईएवढी धार बोटाला लागली तर ती कातडीतून आत घुसते. वरून टोचल्यासारखा बारीक ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही, पण आत डिझेल पसरतं आणि हात वाचवायला तातडीने ऑपरेशन करावं लागतं. असं कधी कोणाला झालं तर हळद लावून घरी थांबू नका, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात न्या आणि कशाची धार लागली ते डॉक्टरांना सांगा. शिवाय उघडलेल्या पाईपात धुळीचा एक कण गेला तरी इंजेक्टरचं काम बिघडतं. फिल्टरपर्यंतची रबरी नळी आणि मोठ्या दाबाच्या पंपापासून पुढच्या पोलादी नळ्या, यांतला फरक ओळखायला शिका. पोलादी नळ्यांना आपण हात लावायचा नाही आणि दुसऱ्यालाही लावू द्यायचा नाही.

दीर आले ते दहा लिटरचा कॅन घेऊन. बिचाऱ्यांनी तो आधी पाण्याने खळखळून धुतला होता, स्वच्छ असावा म्हणून. वहिनींनी बॅटरीचा उजेड टाकला तर तळाशी पाण्याचे मणी दिसले. पाणी डिझेलपेक्षा जड, ते खाली बसतं. त्यांनी कॅन दहा मिनिटं हलू न देता ठेवला, मग हळूहळू वरचं डिझेल ओतलं आणि तळाचं लिटरभर तसंच ठेवलं. ही काही चांगली पद्धत नव्हे. अडचणीतली वाट म्हणायची. चांगली पद्धत म्हणजे झाकणाचा, कोरडा, फक्त डिझेलसाठीच ठेवलेला कॅन आणि त्यासोबत कोरडं नरसाळं. फवारणीच्या औषधाचा कॅन नको, पेट्रोलचा नको, गोड्या तेलाचा नको. पाण्याच्या बाटलीत तर आणूच नये.

डिझेल किती टाकायचं? दोन लिटरने सहसा भागत नाही. टाकी पसरट असते, दोन लिटर तिच्या तळाला नुसतं पसरतं, आणि गाडी उतारावर तिरकी असेल तर नळीच्या तोंडापासून दूर जाऊन बसतं. पिकअपला आम्ही दहा लिटर धरतो. चढा-उतारावर उभी असेल तर त्याहून जास्त.

झाकण कुठलं उघडता तेही बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत डिझेलच्या जवळच दुसरं, निळ्या झाकणाचं तोंड असतं. त्यात डीईएफ नावाचं पाण्यासारखं द्रव घालतात. ते म्हणजे शुद्ध पाण्यात विरघळवलेला खास युरिया, धूर स्वच्छ करण्यासाठी. शेतातला युरिया त्यात चालत नाही, कोणी सुचवेल म्हणून सांगून ठेवते. अंधारात डिझेल निळ्या झाकणात किंवा ते द्रव डिझेलच्या टाकीत गेलं, तर चावीलाही हात लावू नका. गाडी ओढूनच न्यावी लागेल.

डिझेल आलं, टाकलं. आता लगेच सेल्फ नाही. विहिरीची मोटार आठवा, आधी पंप भरायचा. याच्या दोन तऱ्हा आहेत आणि आपली गाडी कुठल्या तऱ्हेची ते आधीच माहीत हवं. काही गाड्यांत फिल्टरच्या डोक्यावर बटणासारखा हातपंप असतो, किंवा नळीमध्ये लिंबाएवढा रबरी फुगा असतो. चावी बंद ठेवून तो दाबत राहायचा. सुरुवातीला तो मऊ, पोकळ लागतो, आतून फुसफुस ऐकू येते. दाबता दाबता डिझेल येतं आणि तो हाताला कडक लागायला लागतो. पन्नासदा दाबावा लागेल, कधी शंभरदा. अंगठा भरून येतो, पाळीपाळीने दाबा. कडक झाला की समजायचं, फिल्टरपर्यंत डिझेल आलं.

दुसऱ्या तऱ्हेत डिझेल ढकलणारा विजेचा पंप असतो. तिथे चावी फक्त एक खटका फिरवायची, मीटरचे दिवे लागतील इथपर्यंत. सेल्फपर्यंत न्यायची नाही. कान दिला तर टाकीच्या बाजूने बारीक घूं असा आवाज येतो, काही सेकंदांनी थांबतो. मग चावी बंद. दहा सेकंद थांबून पुन्हा तेच. असं पाच-सहा वेळा, काही गाड्यांत आठ-दहा वेळा. दर वेळी थोडं डिझेल पुढे सरकतं. उभ्याने बघणाऱ्यांना हे फार कंटाळवाणं वाटतं. ते म्हणतात, अहो चावीशी खेळता काय? खेळू द्या म्हणावं.

त्यानंतर सेल्फ. क्लच दाबून, गिअर न्यूट्रल, एसी, पंखा, टेप सगळं बंद. मीटरवर स्प्रिंगच्या आकाराचा पिवळा दिवा लागला असेल तर तो विझू द्या. मग सेल्फ मारा, दहा सेकंद, त्याहून जास्त नाही. मनात दहा आकडे मोजा. नाही लागली तर चावी बंद आणि पूर्ण एक मिनिट थांबा. सेल्फची मोटार तापते, बॅटरीलाही दम घ्यावा लागतो. या मिनिटात पुन्हा हातपंप मारा, किंवा चावीचा तो एक खटका करा. अशा चार-पाच खेपा करून बघायच्या. तेवढ्यात इंजिन एखादा आचका देतं, जरा घरघरतं, हे चांगलं लक्षण. पाच खेपांत काहीच हालचाल नाही, तर थांबायचं आणि मेकॅनिकला बोलवायचं. काही गाड्यांची एअर संगणक जोडूनच काढावी लागते, तिथे आपल्या हातात काही नसतं.

वहिनींची गाडी तिसऱ्या खेपेला लागली. लागल्यावर ती थरथरते, पांढरट धूर सोडते, आवाज फाटल्यासारखा येतो. घाबरून ॲक्सिलरेटर दाबू नका. पाच मिनिटं तशीच चालू राहू द्या, उरलेले बुडबुडे निघून जातील. आवाज एकसारखा झाला की हळू निघा आणि पहिल्या पंपावर टाकी भरा. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला राहिला तर तो पुष्कळदा दोन-चार खेपांनी आपोआप जातो. नाही गेला तर गॅरेजात दाखवा. त्या दिवशी आमची गाडी बाजारात पोचली तेव्हा सकाळचे आठ वाजून गेले होते. पहाटेचा भाव निघून गेला होता, जुडी पडेल भावाने द्यावी लागली, आणि ज्यांचा माल होता त्या बायकांना बैठकीत हिशेब समजावून सांगायला आम्हाला तोंड कोरडं पडेपर्यंत बोलावं लागलं. पण गाडी दुसऱ्या रात्री पुन्हा रस्त्यावर होती. गॅरेजात फिल्टर उघडून पाहिला, खालची तोटी सोडून पाणी काढलं, तरंगा बदलला.

रस्त्यावर मिळणाऱ्या आणखी काही सल्ल्यांबद्दल बोलते. एक, धक्का मारा. बॅटरी उतरलेली असती तर गोष्ट वेगळी. इथे नळीत डिझेलच नाही, धक्क्याने ते येत नाही, पंप मात्र कोरडा फिरतो. दुसरा, हवेच्या तोंडात स्प्रे मारा. डिझेल इंजिनात तापणारी कांडी असते, तिच्यावर तो स्प्रे भडकू शकतो. हा सल्ला तर साफ नाकारा. तिसरा, थोडं रॉकेल मिसळा. यावर एक गंमत सांगते. ज्यांच्या नावावरून डिझेल हे नाव पडलं त्या जर्मनीच्या रुडॉल्फ डिझेल यांच्या पद्धतीचं एक इंजिन १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. त्या काळच्या दणकट इंजिनाला ते पचलं. आजच्या पंपाला रॉकेलही पचत नाही, कारण रॉकेलमध्ये डिझेलचा तो तेलकटपणा नाही. पंप घासतो आणि वॉरंटीही हातची जाते.

गाडीसोबत एक पुस्तक मिळतं. त्यात डिझेल संपल्यावर काय करायचं याचं पान असतं, आणि आम्ही आज सांगितलेल्यात आणि तुमच्या पुस्तकात फरक निघाला तर पुस्तकाचं ऐका. पुस्तक बहुतेक इंग्रजीत असतं. कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलीला शेजारी बसवा, ते एक पान मराठीत लिहून घ्या आणि गाडीच्या कप्प्यात ठेवा. आमच्या गटात हे काम अध्यक्षबाईंच्या नातीने केलं आणि त्याबद्दल तिला गटाकडून वही-पेन मिळालं.

डिझेल संपूच नये याचा उपाय साधा आहे, पण तो रोज करावा लागतो. काट्यावर एकट्यावर भरवसा नको. टाकी पूर्ण भरली की मीटरवरचा छोटा किलोमीटर आकडा शून्य करायचा. आपली गाडी भरल्या मालाने लिटरला किती चालते, हे दोन-तीन वेळा टाकी भरून काढायचं. समजा १२ किलोमीटर निघालं. मग २०० किलोमीटर चालली म्हणजे १७ लिटरच्या आसपास गेलं, मग काटा काहीही दाखवो. चालवणारीने निघताना आणि परतल्यावर नोंदवहीत आकडा लिहायचा, सचिवांनी आठवड्याला सही करायची. काटा आणि वही यांचं जमेना तर वहीचं खरं धरून डिझेल भरायचं. आमच्याकडे पाव टाकीच्या खाली गाडी गावाबाहेर जात नाही, आणि घाट असेल तर अर्ध्याच्या खाली नाही. टाकी रिकामी ठेवण्यात बचत नसते. रिकाम्या जागेतल्या हवेतल्या बाष्पाचं थंडीत पाणी होतं आणि ते डिझेलमध्ये उतरतं. फिल्टरखालच्या तोटीतून हे पाणी काढायची वेळ झाली की मीटरवर खुणेचा दिवा लागतो. तो दिवा लागल्यावर चालढकल करू नका.

आणि हो, पैसे कमी असताना २०० रुपयांचं, ३०० रुपयांचं डिझेल टाकून गाडी पळवायची सवय काही गटांत आहे. डिझेलसाठी उचल आधी मंजूर करून ठेवली तर चालवणारीवर ही पाळी येत नाही. हा विषय बैठकीत घ्यायचा आहे, रात्री अडीचला रस्त्यावर नाही.

पुढच्या बैठकीला गाडी अंगणात उभी करा, बॉनेट उघडा आणि सगळ्या जणींनी तीन गोष्टी शोधा : फिल्टर कुठे आहे, त्यावर हातपंप आहे की नाही, आणि निळं झाकण कुठलं. चालवत नसाल त्यांनीही शोधा. पुढच्या बुधवारी याच वेळेला आपण गाडीच्या भाड्याचा दर कसा ठरवायचा यावर बोलू. तुमच्या गटाचा दर लिहून पाठवा.